सागरी बेपत्ता प्रकरणांवरील विज्ञान माहितीपट

समुद्रात मागमूस न ठेवता नाहीशी झालेली जहाजे व विमाने यांची कारणे मूळ नोंदी, मोजमापे आणि प्रयोग यांच्या आधारे तपासणारे दूरचित्रवाणी माहितीपट. 1976 मध्ये बीबीसीच्या ‘होरायझन’ आणि अमेरिकेतील ‘नोव्हा’ या मालिकांतून बर्म्युडा त्रिकोणावरील माहितीपट दाखवला गेला. ग्रंथपाल लॉरेन्स कुशे यांनी आदल्या वर्षी पुस्तकातून दाखवून दिले होते की, शांत हवेत गडप झाल्याचे सांगितलेली काही जहाजे प्रत्यक्षात वादळात सापडली होती, तर ‘फ्रेया’ हे जहाज त्या प्रदेशातले नसून पॅसिफिक महासागरातले होते. माहितीपटाचा निष्कर्षही याच दिशेचा होता.

2002 मधील ‘होरायझन’चा ‘फ्रीक वेव्ह’ हा भाग या प्रकारातील सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल, कारण त्यात खोटी ठरली ती महाकाय लाटांविषयीची खलाशांची साक्ष नव्हे, तर तिच्यावर अविश्वास दाखवणारी गणिते. डिसेंबर 1978 मध्ये ‘म्युन्शेन’ हे 261 मी. लांबीचे जर्मन मालवाहू जहाज 28 जणांसह अटलांटिक महासागरात नाहीसे झाले. शोधात मिळालेली त्याची एक जीवरक्षक नौका एरवी पाण्यापासून सुमारे 20 मी. उंचीवर टांगलेली असे. तरीही तिला धरून ठेवणाऱ्या खिळी पुढून मागे वाकलेल्या होत्या, म्हणजे पाण्याचा तडाखा तेवढ्या उंचीवर बसला होता. लाटा एकमेकींत केवळ मिसळतात असे मानणाऱ्या प्रचलित रेषीय प्रतिमानानुसार इतकी उंच लाट हजारो वर्षांतून एखादीच उठावी. मात्र 1 जानेवारी 1995 रोजी उत्तर समुद्रातील ‘ड्राउप्नर’ या नॉर्वेजियन मंचावरील लेझर मापकाने 25.6 मी. उंचीची लाट नोंदवली, तेव्हा लक्षणीय उंची, म्हणजे सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी, सुमारे 12 मी. होती. अशा लाटेची दोन स्पष्टीकरणे पुढे येतात : दक्षिण आफ्रिकेजवळच्या अगुल्हास प्रवाहासारख्या ठिकाणी समोरून येणाऱ्या लाटा प्रवाहामुळे आखूड व उंच होतात, तर खुल्या समुद्रात, अरेषीय सिद्धांतानुसार, एखादी अस्थिर लाट शेजारच्या लाटांची ऊर्जा ओढून घेते.

1872 मध्ये निर्मनुष्य आढळलेल्या ‘मेरी सेलेस्ट’ या जहाजाबाबत रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआ सेला यांनी 2006 मध्ये ब्रिटनच्या ‘चॅनल 5’साठी प्रयोग केला. जहाजातील मद्यार्काची वाफ पेटून स्फोट झाला असावा का, हे पाहण्यासाठी त्या वाफेऐवजी ब्यूटेन आणि मद्यार्काच्या पिंपांऐवजी कागदी ठोकळे वापरून त्यांनी जहाजाच्या तळघराच्या प्रतिकृतीत स्फोट घडवला. ज्वाळा भडकूनही कागद होरपळला नाही. मूळ जहाजावरही जळाल्याच्या खुणा नव्हत्या, मात्र मद्यार्काच्या 1,701 पिंपांपैकी 9 रिकामी निघाली होती.