काचेतला समुद्र आणि त्याचा उजेड



आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून काही मंडळी गालातल्या गालात हसली असतील. बारामती-इंदापूरचा हा मुलूख म्हणजे पर्जन्यछायेतला. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. येथे पाण्याविषयी बोलायचे तर नीरेच्या कालव्याविषयी बोलावे, उजनीच्या फुगवट्याविषयी बोलावे. खाऱ्या पाण्यातील प्रवाळ आणि त्यावर लावावयाचा दिवा यांचा आमच्याशी काय संबंध? त्यातून बोलणारा माणूस कामगार संघटनेचा. ज्याचे आयुष्य हजेरीपट, पाळ्या आणि वेतनकरार यांत गेले, त्याने हा नसता उद्योग का करावा?

त्याचे कारण सांगतो. आमच्या संघटनेत औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात काम करणारा वीजतंत्री आहे. वेतनकराराच्या फरकाची रक्कम हाती आली, तेव्हा त्याने घरात खाऱ्या पाण्याची एक काचपेटी उभी केली. मुंबईस मत्स्यालय पाहिल्यापासून त्याच्या मनात ते होते. त्याने मासे आणले, मऊ जातीचे प्रवाळ आणले, आणि त्यावर बाजारातला सर्वांत झगझगीत एलईडी दिवा टांगला. आठ दिवसांत प्रवाळ पांढरे पडू लागले. उजेड कमी पडत असावा असे समजून त्याने दिव्याचा जोर आणखी वाढविला. पंधराव्या दिवशी पेटीत जिवंत असे फारसे उरले नव्हते. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, तीस वर्षे विजेचे काम केले. दिव्याचे मला सगळे कळते. मग हे मेले कसे?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही तो वाचून काढावयाचा, ही आमची जुनी खोड. शाळा सातवीत सुटली, पण ग्रंथालय सुटले नाही. आज जे सांगणार आहोत ते त्या वाचनातले.

काचेच्या पेटीत समुद्रातला जीव ठेवून त्याचे निरीक्षण करण्याची पद्धत पाडली ती एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने. जान व्हिल्प्र-पॉवर ही फ्रान्समधील एका चर्मकाराची मुलगी. पॅरिसमध्ये ती कपडे शिवीत असे, आणि एका राजकन्येच्या विवाहवस्त्रावरील कामामुळे तिचे नाव झाले. पुढे लग्न होऊन ती सिसिलीतील मेसिना या बंदरात गेली आणि 1832 साली तिने काचपेट्या करविल्या. अर्गोनॉट नावाचा समुद्रजीव आपले कवच स्वतः बनवितो की दुसऱ्याचे चोरतो, हा त्या काळचा वाद. विद्वानांनी तो चर्चेने चालविला. या स्त्रीने जीव डोळ्यांसमोर ठेवून सोडविला. कवच तो स्वतःच बनवितो, असे तिने दाखविले.

1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झाले. त्याचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केले. त्या काळी पेट्यांत मासे जगत, परंतु प्रवाळ टिकत नसत. का टिकत नसत, याचे उत्तर उजेडात आहे.

प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे. परंतु उथळ उष्ण समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. प्रवाळ त्यास आसरा देतो. शेवाळ सूर्यप्रकाशावर साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा घरमालकास देते. आमच्या साखरपट्ट्यातील माणसास हे समजावून सांगण्याची गरज नाही; उसाचे पान जे करते तेच हे शेवाळ करते. ही देवघेव खरोखरच चालते याचा प्रत्यक्ष पुरावा 1958 साली मस्कॅटिन आणि हँड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी दिला. प्रवाळाचे आप्त जे समुद्रफूल, त्याच्या शेवाळास त्यांनी किरणोत्सारी कार्बन पुरविला आणि तो समुद्रफुलाच्या शरीरात उतरलेला दाखविला. म्हणजे प्रवाळावरचा दिवा हा शोभेचा नव्हे; तो त्याच्या भाकरीचा प्रश्न आहे.

आता हा उजेड कोणत्या रंगाचा? पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते. पहिल्या काही मीटरांतच तो बव्हंशी संपतो. निळा खोलवर जातो. समुद्राचा निळेपणा हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असे एके काळी थोर शास्त्रज्ञही मानीत. 1921 साली विलायतेहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बोटीवर लोलकातून पाहून ते खोडून काढले, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात असे मांडले, आणि मुंबई बंदरातून आपले टिपण धाडले. तेव्हा प्रवाळाच्या अंगातील शेवाळ पिढ्यान्पिढ्या निळ्या उजेडावर जगत आले आहे, हे लक्षात ठेवावे.

घरात तो उजेड आणावयाचा कसा? जाकार्ताचे ली चिन एंग यांनी 1961 साली आपली रीत प्रसिद्ध केली. समुद्रातले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि प्रत्यक्ष ऊन, एवढ्यावर ते प्रवाळ जगवीत. पण जाकार्ताचा समुद्र त्यांच्या दारात होता. युरोपातील लोकांनी आधी नळकांडी दिवे लावले, मग 250 किंवा 400 वॉटचे मेटल हॅलाइड दिवे. प्रवाळ वाढू लागले. परंतु त्या दिव्यांची धग पाण्यात उतरे, ते थंड करावयास वेगळे यंत्र लागे, आणि वरचेवर दिवे बदलावे लागत. बारामतीचा मे महिना आणि डोक्यावर तसला दिवा, अशा स्थितीत पाणी सव्वीस अंशांवर राखणे म्हणजे खर्चाला मरण नाही.

यातून सुटका केली ती निळ्या एलईडीने, आणि तिची कथा कामगारांनी अवश्य ऐकावी. 1907 साली हेन्री राउंड यास एका स्फटिकातून वीज जाताना उजेड दिसला. 1962 साली निक होलोनियाक यांनी तांबडा दिवा केला. निळा मात्र तीस वर्षे कोणास नीट साधेना. जपानात इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी वाट पाडली, आणि 1993 साली शूजी नाकामुरा या निचिया कंपनीच्या नोकरदाराने प्रखर निळा दिवा जगापुढे ठेवला. कंपनीच्या संस्थापकाने त्यास प्रयोगासाठी पैसा दिला होता, हे सांगणे न्यायाचे आहे. पण शोध लागल्यावर त्याच्या हातावर बक्षीस पडले ते वीस हजार येन! नाकामुरा न्यायालयात गेले. 2004 साली टोकियोच्या न्यायालयाने त्यांस 2000 कोटी येन द्यावेत असा निकाल दिला. 2005 साली अपिलात सुमारे 84 कोटी येनांवर तडजोड झाली. 2014 साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या घरातला पांढरा एलईडी दिवाही बहुधा पोटात निळाच असतो. त्यावरील पिवळ्या लेपाने तो पांढरा दिसतो. 2014 च्या आरंभी सरकारी खरेदीत 310 रुपयांना पडणारा असा दिवा 2016 साली 38 रुपयांवर आला. स्वस्ताईचा लाभ आपण घेतला. तो कोणाच्या घामातून आला हे विसरू नये.

आता आमच्या वीजतंत्र्याची चूक कोठे झाली ते पाहू. दिव्याच्या खोक्यावर वॉट आणि लुमेन लिहिलेले होते. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो. किती काम करतो हे नव्हे. लुमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप. आपल्या डोळ्यास हिरवट-पिवळा उजेड अधिक दिसतो, निळा कमी. म्हणून प्रवाळाच्या उपयोगी पडणारा निळा दिवा लुमेनमध्ये दुबळा दिसतो, आणि रस्त्यावरचा पांढरा दिवा पहिलवान ठरतो. शेवाळाचे माप वेगळे. 400 ते 700 नॅनोमीटर या पट्ट्यातले किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदास पडतात, हे मायक्रोमोलमध्ये मोजतात. मऊ प्रवाळास साधारण 50 ते 150 पुरतात. फांद्यांच्या दगडी प्रवाळास 200 ते 350 लागतात. हे माप पाण्याखाली, प्रवाळ बसतो त्या जागी घ्यावयाचे. आमच्या गड्याने दुसऱ्याच्या तराजूने तिसऱ्याचे धान्य मोजले.

दुसरी चूक घाईची. अंधारातून आणलेल्या प्रवाळावर एकदम प्रखर उजेड पडला की शेवाळाचे काम अतिरेकास जाते, त्यातून घातक द्रव्ये निर्माण होतात, आणि प्रवाळ शेवाळास बाहेर लोटतो. पांढरेपणा तो हाच. तो उपासमारीचा असेल तसा अतिभाराचाही असतो. आणि अतिभारावर उपाय म्हणून अधिक भार घालणे ही चूक कारखान्यांतही आम्ही पुष्कळ पाहिली आहे.

म्हणून दिवा घेणाऱ्याने एवढे पाहावे. 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा भरपूर असावा आणि पांढरा त्यास जोड म्हणून. निळा व पांढरा यांचा जोर वेगवेगळा कमीजास्त करता यावा. उजेड एका ठिपक्यात न पडता पेटीभर पसरावा. पेटी लांब असेल तर एका मोठ्या दिव्याऐवजी दोन लहान बरे. खाऱ्या तुषारांनी सांधे गंजू नयेत असे आवरण असावे, आणि बिघडल्यास दुरुस्त करून देणारा माणूस जवळ असावा. सुरुवात तिसऱ्या हिश्श्याच्या जोरावर करावी आणि महिनाभरात हळूहळू चढवावे. रोज आठ ते दहा तास उजेड, मग अंधार; पाळी संपली की सुट्टी हवीच. हिशेबही करावा: 250 वॉटचा जुना दिवा दहा तास जाळला तर महिन्यास 75 युनिटे, 90 वॉटचा एलईडी 27 युनिटे.

परंतु दिव्याच्या आधी एक प्रश्न आहे. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, काळे प्रवाळ यांस 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. आपल्या समुद्रातून ते काढणे व बाळगणे गुन्हा आहे. परदेशी दगडी प्रवाळाचा व्यापारही आंतरराष्ट्रीय परवान्याखाली चालतो. मालवणच्या किनाऱ्यावर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, विजयदुर्गापासून दूर समुद्रात आंग्रिया बँकेवर प्रवाळ उभे आहेत. समुद्र तापतो तेव्हा तेही आमच्या वीजतंत्र्याच्या पेटीतल्यासारखेच पांढरे पडतात. त्यांच्या डोक्यावरचा दिवा मात्र कोणास मंद करता येत नाही. ज्या जिवाचा कागद नाही, तो घरात आणू नये, मग दुकानदार काहीही सांगो.

आमच्या वीजतंत्र्याने पेटी मोडली नाही. सध्या तीत दोन मासे आहेत, खडक आहेत आणि मंद निळा उजेड आहे. प्रवाळ आणावयाचे की नाही, हे त्याने अजून ठरविलेले नाही. मागल्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा तो उसन्या मापकाने पेटीच्या चारी कोपऱ्यांतला उजेड मोजून वहीत मांडीत होता. आम्ही म्हणालो, "यंदा घाई नाही?" तो म्हणाला, "दादा, आधी माप, मग माल." आमच्या मते त्याच्या फरकाच्या रकमेचे चीज तेथे झाले.