निळ्या 'ई'ची बादशाही आणि आपली अक्षरे

माझ्या वर्गातील मुले मोबाइल हातात घेऊन 'गूगल उघडतो' म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा ती क्रोम नावाचा ब्राउझर उघडत असतात. वीस वर्षांपूर्वी इस्लामपूरच्या सायबर कॅफेत आम्ही 'इंटरनेट उघडा' म्हणायचो आणि पडद्यावरच्या निळ्या 'ई'वर दोनदा क्लिक करायचो. तो 'ई' होता इंटरनेट एक्स्प्लोरर. आमच्या पिढीला इंटरनेट आणि तो 'ई' वेगळे असू शकतात हेच ठाऊक नव्हते. हा ब्राउझर आता इतिहासजमा झाला आहे. त्याच्या उदयास्ताची गोष्ट सांगायची ती केवळ एका कंपनीची गोष्ट म्हणून नव्हे. मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांच्या लिखाणाचे नशीब काही काळ या ब्राउझरच्या घडामोडींत अडकले होते.

एक्स्प्लोररच्या आधी गादीवर होता नेटस्केप नॅव्हिगेटर. डिसेंबर १९९४ मध्ये तो बाजारात आला आणि वर्षभरात जगभर पसरला. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तो हाच काळ. त्याच ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्स्प्लोररची पहिली आवृत्ती काढली. व्यावसायिक वापरासाठी नेटस्केप विकत घ्यावा लागे. एक्स्प्लोरर फुकट होता आणि पुढे तर विंडोजसोबतच येऊ लागला. घरात आयते मिळत असताना बाजारात कोण जाणार? मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. २००१ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश रद्द केला, पण तिने मक्तेदारी टिकवण्यासाठी बेकायदा मार्ग वापरले हा निष्कर्ष कायम ठेवला. निकाल लागेपर्यंत नेटस्केपचे राज्य गेलेले होते. २००२-०३ च्या सुमारास जगातले दहापैकी नऊहून अधिक लोक एक्स्प्लोररच वापरत होते.

इब्ने खल्दून यांनी १३७७ मध्ये 'मुकद्दिमा'त राजघराण्यांचा एक नियम मांडला आहे. सत्ता मिळवणारी पिढी कष्टाळू आणि एकजुटीची असते. सत्ता स्थिरावली की ऐषआराम येतो, एकजूट सैल होते आणि सीमेवरून नवी, भुकेली टोळी चाल करून येते. एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली आणि सातवी ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली पाच वर्षे बादशहा झोपला होता. व्हायरस आणि घुसखोर मात्र जागे होते.

महाराष्ट्रात नेमक्या याच काळात घरोघरी संगणक साक्षरता पोहोचत होती. नोकरीसाठी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र लागू लागले आणि गावोगावी वर्ग सुरू झाले. यातले 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण अनेकांना ते मायक्रोसॉफ्टच वाटे आणि त्यात फारसे नवल नव्हते. शिकायचे ते विंडोज, वर्ड, एक्सेल आणि निळा 'ई' हेच. अनेक सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी 'एक्स्प्लोररमध्येच पाहावे' अशी सूचना असे.

मराठीच्या बाबतीत ही सूचना गंभीर होती. तेव्हा मराठी मजकूर बहुधा युनिकोडमध्ये नव्हता. प्रत्येक फॉन्ट कंपनीची मांडणी वेगळी. संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरे आणि चिन्हांचाच असे. त्यावर फॉन्टचा अंगरखा चढवला की देवनागरी दिसे. वाचकाकडे तो फॉन्ट नसेल तर काय? यावर 'डायनॅमिक फॉन्ट'चा तोडगा निघाला: पान उघडताच फॉन्टही आपोआप उतरायचा. पण एक्स्प्लोररसाठी फॉन्टची फाइल एका प्रकारची लागे, जुन्या नेटस्केपसाठी दुसऱ्या. नेटस्केप मागे पडल्यावर एक्स्प्लोररची तेवढी उरली. म्हणजे मराठी वाचायची तर अमेरिकेतल्या एका कंपनीचाच दरवाजा वापरायचा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बातमीच्या जागी रोमन चिन्हांचा खिचडा दिसे.

उर्दूची अडचण वेगळी होती. नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाते, अक्षर शेजारच्या अक्षरानुसार रूप बदलते. इनपेजवर पान सुबक लागे, पण ते ब्राउझरमध्ये तसेच दाखवता येत नसे. म्हणून उर्दू वृत्तपत्रे मजकुराचे चित्रच संकेतस्थळावर टाकत. वाचणाऱ्याला ते दिसे, पण त्यात शब्द शोधता येत नसे, उतारा उचलता येत नसे, अंध वाचकाला यंत्राकडून ऐकता येत नसे.

सीमेवरून आलेली टोळी म्हणजे फायरफॉक्स. नेटस्केपने १९९८ मध्ये आपला सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला होता. त्यातून उभ्या राहिलेल्या मोझिलाने ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती दिली. तिच्यामागे जगभरचे स्वयंसेवक होते. 'पद्मा' नावाची एक जोडणी त्यात बसवली की भारतीय भाषांतल्या अनेक जुन्या फॉन्टमधली पाने युनिकोडमध्ये वाचता येत. त्याच सुमारास मराठी विकिपीडिया (२००३) आणि 'मनोगत'सारखी संकेतस्थळे सुरुवातीपासून युनिकोडमध्ये लिहीत होती. मराठीला एका दरवाजातून बाहेर काढले ते या सामायिक मानकाने. उर्दूचेही तेच. २०१४ मध्ये गूगलचा 'नोटो नस्तालीक उर्दू' हा खुला फॉन्ट आला, आणि नस्तालीक मजकूर चित्राविना दाखवण्याची वाट सोपी झाली.

बाकीचा इतिहास वेगाने घडला. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला. मे २०१२ मध्ये स्टॅटकाउंटरच्या मोजणीत त्याने एक्स्प्लोररला मागे टाकले. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच एज हा नवा ब्राउझर काढला आणि २०२० मध्ये त्याच्या पोटात गूगलच्या क्रोमियमचे इंजिन बसवले. ज्याने नेटस्केपला हरवले तो आता प्रतिस्पर्ध्याच्या इंजिनावर चालतो. १५ जून २०२२ रोजी एक्स्प्लोरर निवृत्त झाला. दक्षिण कोरियातील एका अभियंत्याने त्याच्या नावाने कबरीचा दगडही बसवला. हसण्याजोगी गोष्ट, पण त्या देशातले बँकांचे आणि सरकारी व्यवहार वर्षानुवर्षे एक्स्प्लोररला बांधलेले होते. त्या दगडामागे जुना वैताग होता.

नुकसान मोजायचे तर आपल्याकडे पाहावे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षे मराठीत जे इंटरनेटवर लिहिले गेले, त्यातला मोठा भाग आज संग्रहातून काढला तरी रोमन चिन्हांचा ढिगारा म्हणून समोर येतो. निजामाच्या काळातली मोडी कागदपत्रे वाचणारे जाणकार अजून भेटतात; पंचवीस वर्षांपूर्वीची मराठी बातमी वाचायला मात्र हरवलेली फॉन्टची फाइल शोधावी लागते.

आज एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट हे सारे क्रोमियमवरच चालतात. नावे वेगळी, इंजिन एक. फायरफॉक्स आणि ॲपलचा सफारी हेच काय ते वेगळे उरले. गूगल आज झोपलेले नाही, हे खरे. पण २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टबद्दलही लोकांना तसेच वाटत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने शोधसेवेच्या बाजारात गूगलची मक्तेदारी बेकायदा असल्याचे ठरवले. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने क्रोम मात्र त्याच्याकडेच राहिला.

कोणता ब्राउझर वापरावा हे सांगण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. माझी काळजी आपल्या कपाटांची आहे. आपल्या उर्दू शाळांच्या स्मरणिका, मदरशांची जुनी पत्रके, गावच्या मंडळांचे दिवाळी अंक आजही इनपेजच्या किंवा जुन्या मराठी फॉन्टच्या फाइलींत, कुणाच्या तरी बंद पडत चाललेल्या संगणकात पडून आहेत. तो फॉन्ट आणि ते जाणणारा माणूस, दोन्ही हाताशी आहेत तोवर त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात. बादशाह्या जातात, त्याचे दुःख नाही. दप्तर त्यांच्याबरोबर जाऊ नये.