मिठाचा हिशेब

ऑगस्ट १९४८. न्यूयॉर्क उन्हाने भाजून निघालंय आणि तुम्ही बेबीज हॉस्पिटलच्या वॉर्डात उभे आहात. खिडक्या सताड उघड्या, पण वाऱ्याचा पत्ता नाही. उन्हाने गळून गेलेली मुलं एकामागून एक आणली जातायत. डॉ. पॉल दि सांतान्येसे यांना एक गोष्ट खटकते: यांतली बरीचशी मुलं एकाच दुखण्याची, सिस्टिक फायब्रोसिसची आहेत. तुम्ही जवळच्या खाटेवरच्या पोरीच्या कपाळावर हात ठेवता. घाम सुकलाय, पण तळव्याला बारीक रवाळ काहीतरी लागतं. बोट जिभेला लावून बघा. खारट. नेहमीच्या घामापेक्षा कितीतरी खारट.

या मुलांच्या अंगातलं मीठ घामावाटे वाहून जातं, हे १९५३ साली छापून येईल आणि घामाची तपासणी हीच या आजाराची परीक्षा ठरेल. कारण कळायला मात्र आणखी काही दशकं जायची आहेत. ज्या दुखण्यात घाम खारट होतो, त्याच दुखण्यात छातीतला कफ डिंकासारखा चिकट होतो, श्वास कोंडतो, जंतू घर करतात. या वॉर्डातली बहुतेक मुलं शाळेची पायरी चढणार नाहीत.

डोळे मिटा. १९६५. एका अमेरिकन घरातली संध्याकाळ. आई फोनपाशी बसून ओळखीच्या-अनोळखी माणसांकडे वर्गणी मागतेय. तिची तिन्ही मुलं याच आजाराची. पालकांनीच १९५५ साली उभ्या केलेल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनची ती स्वयंसेविका आहे. चार वर्षांचा मुलगा सगळं ऐकतोय. इंग्रजीत आजाराचं नाव त्याच्या कानाला ‘सिक्स्टी फाइव्ह रोझेस’ असं ऐकू येतं. आई पासष्ट गुलाबांसाठी खटपट करतेय, असं तो तिला सांगून टाकतो. आई त्याला पोटाशी धरते. पुढे फाउंडेशनची ओळखच त्या पासष्ट गुलाबांनी होईल.

फोन ठेवला की तिचं दुसरं काम सुरू होतं, तेही नीट बघा. मुलाला उशीवर पालथं घालायचं, डोकं छातीपेक्षा खाली. तळहात द्रोणासारखा वळवायचा आणि पाठीवर, बरगड्यांवर थापट्या मारत जायचं, कफ सुटेपर्यंत. सपाट हात लागतो, द्रोणाचा हात लागत नाही. फक्त पोकळ आवाज येतो, ठप्, ठप्, ठप्. सकाळ-संध्याकाळ, सणवार असो की आईला ताप असो. जनुकशास्त्राच्या बाजारपेठेची गोष्ट सांगताना लोक गुंतवणूकदारांपासून सुरुवात करतात. माझ्या मते ती या हातापासून सुरू होते.

मे १९८९. येल विद्यापीठातली वसतिगृहाची खोली, बाहेर पाऊस. या आजाराचं जनुक शोधणारे मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स आणि टोरंटोचे लॅप-ची त्सुई फॅक्स यंत्रावर वाकलेत. दिवसभर परिषद झाली, पण दोघांचं लक्ष टोरंटोच्या प्रयोगशाळेकडे लागलंय. कागद सरकत बाहेर येतो. सातव्या क्रोमोसोमवरच्या जवळजवळ दोन लाख अक्षरांच्या जनुकात तीन अक्षरं गळलेली आहेत. त्या तीन अक्षरांनी प्रथिनातला ५०८ क्रमांकाचा मणी हरवतो; पेशीच्या आवरणातून क्लोराइडची ये-जा करून देणारं दार जागेवर पोचतच नाही. बेबीज हॉस्पिटलच्या त्या पोरीच्या कपाळावरचं मीठ तुम्हाला आता समजलं.

सप्टेंबरात शोध छापून येतो, पेढे वाटल्यासारखा आनंद होतो. निरोगी जनुक फुप्फुसात नेऊन सोडू, काही वर्षांत बरं करू, अशी उमेद असते. १९९३ साली माणसांवर तसे प्रयोग सुरूही होतात. ते मनासारखे साधत नाहीत. जनुक सापडून नऊ वर्षं उलटतात आणि आईचा हात अजून थापट्याच मारतोय.

म्हणून तुम्हाला आता वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाला यायचंय, फाउंडेशनच्या कार्यालयात, साल १९९८. इथे जरा जास्त वेळ थांबा. प्रमुख आहेत रॉबर्ट बील. त्यांच्यापुढचं कोडं विज्ञानाचं नाही. विद्यापीठातला शास्त्रज्ञ शोधनिबंध लिहून मोकळा होतो. गोळी बनवणं हे त्याचं काम नव्हे. गोळी बनवते कंपनी, आणि कंपनी आधी डोकी मोजते. अमेरिकेत या आजाराचे रुग्ण तीस हजारांच्या आसपास. बिघडलेलं प्रथिन बाहेरून गोळी देऊन दुरुस्त करता येईल का, हेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढ्यासाठी कोट्यवधी डॉलर कोण घालणार?

बील यांचं उत्तर साधं आणि धाडसी होतं: पहिला तोटा आम्ही सोसतो. त्यांनी सॅन डिएगोच्या ऑरोरा बायोसायन्सेस या कंपनीला गाठलं. २००० साली करार झाला चार कोटी डॉलरच्या घरातला. गेट्स फाउंडेशनने दोन कोटींचा हातभार लावला. बाकीचा पैसा वर्षानुवर्षं चालत-धावत, केक विकत, फोन करत जमवलेला. धर्मादाय संस्थेने नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला पैसा द्यावा, हे अनेकांना रुचलं नाही. पण हे दान नव्हतं. अटी वाचा: औषध निघालं तर विक्रीत फाउंडेशनचा रॉयल्टीचा वाटा. आणि कंपनीने काम मध्येच सोडलं तर ते पुढे नेण्याचा हक्क फाउंडेशनकडे यावा, ही तजवीज. मला ही दुसरी अट सगळ्यात शहाणपणाची वाटते. किती संशोधनं चुकीची ठरून नाही, तर कोणाच्या तरी कपाटात पडून मेली असतील!

एक गोष्ट मात्र फाउंडेशनच्या हातात राहिली नाही. औषध निघालं तर ते किती किमतीला विकायचं, ते ठरवणं. ही रिकामी जागा लक्षात ठेवा.

चला सॅन डिएगोला. अंधाऱ्या खोलीत यंत्रमानवाचा हात प्लास्टिकच्या पट्ट्या उचलून ठेवतोय. तळहातात मावेल अशा एका पट्टीला ३८४ खळगे, प्रत्येक खळग्यात सदोष दार असलेल्या पेशी आणि एकेक वेगळं रसायन. कंपनीचे एक संस्थापक रॉजर चेन यांच्या युक्तीने पेशींत दोन रंग भरलेत. दार बंद असेपर्यंत नारंगी उजेड. दार किलकिलं झालं, विद्युतभार बदलला, की निळा. तुम्ही बघत राहता. नारंगी, नारंगी, नारंगी. २ लाख २८ हजार रसायनं अशी तपासली जातात.

२००१ साली बोस्टनजवळच्या केंब्रिजची व्हर्टेक्स कंपनी ऑरोराला विकत घेते. नवा मालक जुनी कामं चाळतो, तेव्हा कमी रुग्णांचं काम आधी डोळ्यावर येतं. इथे पालकांचा पैसा कामाला आला. खर्चाचा भार दुसरा उचलत असला की प्रकल्पावर काट मारणं अवघड जातं. फाउंडेशनने पुढे एकूण १५ कोटी डॉलरच्या आसपास घातले.

३१ जानेवारी २०१२. आयव्हाकाफ्टर, म्हणजे कॅलिडेको, या गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळते. एका विशिष्ट दोषाच्या, जेमतेम चार टक्के रुग्णांसाठी. आजाराच्या मुळाशी जाणारं हे पहिलं औषध. किंमत वर्षाला २ लाख ९४ हजार डॉलर. तुमच्या शेजारी उभ्या आईच्या चेहऱ्यावर आनंद आणि धसका एकाच वेळी येतो.

नोव्हेंबर २०१४. फाउंडेशन आपला रॉयल्टीचा हक्क ३३० कोटी डॉलरना विकतं. काही डॉक्टरांनी उघड विचारलं: ज्या संस्थेने किमतीवर आवाज उठवायचा, तिलाच त्या किमतीतून पैसा मिळाला, तर ती बोलणार कशी? प्रश्न रास्त होता. हेही खरं, की तो पैसा पुन्हा संशोधनातच जायचा होता.

२१ ऑक्टोबर २०१९. तीन औषधं एकत्र असलेली गोळी, ट्रायकाफ्टा, मंजूर होते. ती तीन अक्षरं गळालेल्यांसाठीही. अमेरिकेतल्या सुमारे नव्वद टक्के रुग्णांना ती लागू पडेल. पहिली गोळी घेतलेल्या एका तरुणीजवळ बसा. काही तासांत खोकला सुरू होतो, पण नेहमीचा नाही. वर्षानुवर्षं छातीत घट्ट बसलेला कफ पातळ होऊन आपोआप सुटतोय. ती घाबरते, मग श्वास आत घेते. तो थांबतच नाही, खोल जात राहतो. तिला असा श्वास माहीतच नव्हता. किंमत: वर्षाला ३ लाख ११ हजार डॉलर.

आता आपल्याकडे या. फेब्रुवारी २०२३. भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि युक्रेन या चार देशांतल्या रुग्णांनी आणि पालकांनी या औषधावरची पेटंटची मक्तेदारी मोडावी म्हणून एकाच वेळी पाऊल उचललंय. हा आजार गोऱ्यांचाच, अशी समजूत आपल्या डॉक्टरांतही बरीच वर्षं होती. त्यामुळे इथली कितीतरी मुलं न्यूमोनिया किंवा क्षय म्हणून उपचार घेत राहिली.

तुम्ही आपल्याच गावातल्या एका घरात कल्पनेने शिरता. ऊन चढू लागलंय. आई शाळेच्या बाटलीत मीठ-साखर-पाणी भरतेय, कारण पोरीच्या घामावाटे मीठ गेलं की ती दुपारपर्यंत मलूल होते. दोरीवर कालचा गणवेश वाळतोय; धुवायच्या आधी त्याच्या गळ्यापाशी आणि पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. टेबलावर पेटंटविरुद्धच्या अर्जाची फाइल. त्यात सही करायची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवलीय.

आई घड्याळ बघते. बसला अजून वीस मिनिटं आहेत. ती पोरीला उशीवर पालथं घालते, तळहात द्रोणासारखा वळवते आणि सुरुवात करते.