हिशेबाकडून बीजाकडे

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरवलेले पालक शिक्षकाकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा गणिताचा असतो. गोष्टीची पुस्तके घरी वाचता येतात, नकाशाही पाहता येतो. पण बेरीज-वजाबाकीपासून निघून बीजगणिताच्या उंबरठ्यापर्यंत कोणत्या वाटेने जायचे? सांताक्रूझसारख्या उपनगरात दुकानात वह्यांचे आणि स्वाध्यायमालांचे ढीग मिळतात, त्यामुळे निवड अधिकच अवघड होते. या प्रश्नाला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. तो पाहिला तर पुस्तक कोणते घ्यावे यापेक्षा क्रम कोणता ठेवावा हे अधिक स्पष्ट होते.

परवचा आणि अपूर्णांक

इंग्रजी शाळा सुरू होण्यापूर्वी मुलगा पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अंक गिरवी आणि दिवेलागणीला घरी परवचा म्हणे. म्हणजे गणिताचा निम्मा अभ्यास घरीच होत असे. पूर्णांकांचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यांची पाळी येई. औट म्हणजे साडेतीन. हा शब्द संस्कृत ‘अर्धचतुर्थ’ म्हणजे ‘चौथा अर्धा’ यापासून आला, तसाच अडीच हा ‘अर्धतृतीय’पासून.

आज हे पाढे निरुपयोगी घोकंपट्टी वाटतात. पण त्या काळची मापे आठवावीत: १६ आण्यांचा रुपया, ४० शेरांचा मण. ४० ला १६ ने भागले की अडीच येतात. म्हणून व्यापाऱ्याचा आडाखा असा, की मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितकेच आणे. गूळ ८ रुपये मण असेल तर अडीच शेर गूळ ८ आण्यांना. कागद-पेन्सिल लागत नाही.

या आडाख्यातील ‘जितके-तितके’ या जोडीकडे शिक्षकांनी नीट पाहावे. भाव कोणताही असो, नियम तोच राहतो. ‘जितके’ हा शब्द येथे अक्षराचे, म्हणजे बीजगणितातील ‘क्ष’चे काम करतो. मात्र पंतोजींच्या पद्धतीत हे कोणी उलगडून सांगत नसे. आडाखा पाठ होई, त्यामागचे कारण अंधारातच राही. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यामागोमाग मेट्रिक वजने आली, आणि औटकी-अडीचकीचा व्यवहारातील आधारच गेला. ते पाढे गेल्याचे दुःख नको. पण त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. पाव, निम्मा, पाऊण या राशी तेव्हा मूल अंश-छेद लिहायला शिकण्याआधीच तोंडी हाताळत असे. आज पुष्कळ मुलांची अपूर्णांकाशी पहिली गाठ पडते ती आडव्या रेघेच्या वर-खाली लिहिलेल्या दोन आकड्यांच्या रूपात.

भास्कराचार्यांचा जिना

याच भूमीत दुसरीही एक वाट होती. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४ चा. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. चाळीसगावजवळ पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात, त्यांचे नातू चांगदेव यांच्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून तो मठ होता. गणित शिकवण्याची सोय म्हणून केलेली ही आपल्याकडची एक जुनी तजवीज.

लीलावतीचा क्रम पाहण्यासारखा आहे. आरंभी नाणी व मापे, मग स्थानांची नावे, मग पूर्णांकांची आठ कृत्ये, मग तीच अपूर्णांकांवर, मग शून्यावर. त्यानंतर लगेच त्रैराशिक येत नाही. आधी दोन छोट्या पायऱ्या येतात: व्यस्तविधी आणि इष्टकर्म.

व्यस्तविधी म्हणजे उलटे चालणे. एका संख्येची तिप्पट केली, त्यात ५ मिळवले, ४ ने भागले, तर ८ आले. शेवटाकडून निघावे: ८ चौक ३२, त्यातून ५ गेले २७, त्याचा तिसरा हिस्सा ९. येथे ‘क्ष’ नाही, पण बेरजेची उलटी क्रिया वजाबाकी व गुणाकाराची भागाकार हे मुलाच्या हातात बसते.

इष्टकर्मात उत्तर चक्क धरून चालायचे. एक संख्या आणि तिचा चतुर्थांश मिळून ३० होतात. संख्या ४ धरली तर बेरीज ५ येते. हवे आहेत ३०, म्हणजे सहापट. म्हणून संख्या ४ ची सहापट, २४. पडताळा: २४ आणि ६ मिळून ३०.

आता या दोन्ही युक्त्या कोठे थांबतात ते पाहू. ‘संख्या, तिचा चतुर्थांश आणि वर ३ मिळून ३३’ असे म्हटले, तर ४ धरून बेरीज ८ येते, आणि त्या प्रमाणात उत्तर साडेसोळा निघते. ते चूक आहे. खरे उत्तर २४ च आहे. वरचे ३ संख्येबरोबर वाढत नाहीत, म्हणून प्रमाण मोडते. हे ३ आधी वजा करून वाट काढता येते. पण ‘संख्येच्या तिपटीत ५ मिळवले काय किंवा संख्येत २१ मिळवले काय, सारखेच’ असे म्हटले तर अज्ञात दोन्हीकडे आहे. उलटे चालायला सुरुवात कोठून करणार? येथे अज्ञाताला नाव द्यावेच लागते. भास्कराचार्य त्याला ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि लिहिताना त्याचे ‘या’ करतात. दोन्हीकडून एक ‘या’ काढला की २ या + ५ = २१, म्हणून या = ८. दुसरे, तिसरे अज्ञात असेल तर कालक, नीलक ही रंगांची नावे. ‘यावत्तावत्’ याचा अर्थ काय? जितके-तितके! गुळाच्या व्यापाऱ्याचा शब्द येथे शास्त्राचे चिन्ह झाला आहे.

छापील पुस्तके आणि घरचे गुरू

१८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्र्यांच्या साहाय्याने इंग्रजी गणितग्रंथ मराठीत आणले. छापील पुस्तकामुळे गणित पंतोजींच्या तोंडातून सुटले व कोणाच्याही घरी पोहोचू शकले, हा मोठाच लाभ. पण अंकगणित एका पुस्तकात आणि बीजगणित दुसऱ्यात अशी विभागणीही आपल्या अंगवळणी पडली. आजही दहावीला बीजगणित व भूमिती हे गणिताचे वेगवेगळे भाग आहेत. त्यामुळे पाचवी-सहावीपर्यंत ‘हिशेब’ आणि मग एके दिवशी ‘अक्षरे’, असा समज घरोघर रुजला.

घरी जाणता गुरू असेल तर ही फट जाणवत नाही. सांताक्रूझ पश्चिमेला ज्या महिला विद्यापीठाचा जुहू परिसर आहे, त्याचे संस्थापक धोंडो केशव कर्वे हे मुळात गणिताचे शिक्षक. १८९१ पासून ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. त्याआधी मुंबईत असताना त्यांनी आपले मामेभाऊ रघुनाथ परांजपे यांना शिक्षणासाठी आपल्याकडे ठेवून घेतले होते. हेच परांजपे १८९९ साली केंब्रिजचे सीनिअर रँग्लर झाले. पण प्रत्येक घरात कर्वे नसतात. म्हणूनच क्रम पुस्तकात आणि शिकवण्यात उघड दिसायला हवा.

अलीकडचे दोन धडे

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचनही दिले गेले, तेव्हा बरीच थट्टा झाली. विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते: मराठी संख्यानामांत एकक आधी व दशक नंतर उच्चारले जाते, लिहिताना क्रम उलटा असतो, आणि जोडाक्षरांनी लहान मुले अडखळतात. मत काही असो, घरी शिकवणाऱ्याने एक बोध घ्यावा. ‘त्रेसष्ट’ म्हणता येणे वेगळे आणि त्यात सहा दशक व तीन एकक आहेत हे दिसणे वेगळे.

दुसरा धडा मानखुर्दचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात (स्थापना १९७४) राखी बॅनर्जी व के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर अंकगणिताकडून बीजगणिताकडे जाण्याच्या वाटेचा अभ्यास केला. त्यांचा भर ‘पद’ या कल्पनेवर आहे. १९ − ७ + ४ याचे उत्तर पुष्कळ मुले ८ काढतात, कारण ती ७ व ४ आधी मिळवतात. पण यात +१९, −७ आणि +४ अशी तीन पदे आहेत असे पाहायला शिकले, तर क्रम बदलूनही उत्तर १६ च येते. मग १९ च्या जागी ‘क्ष’ आला तरी मूल दचकत नाही.

पालकांना काय सांगावे?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला, पण घरी शिकवण्यासाठी वेगळी नियमावली घालून दिली नाही. घरी शिकलेल्या मुलाला पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते. तेथे बीजगणिताची पत्रिका वाट पाहत असते. शाळेतले मूल अडले की पुढच्या बाईंच्या लक्षात येते. घरच्या मुलाची राहिलेली पायरी कित्येकदा दहावीपर्यंत कोणालाच दिसत नाही. म्हणून पालकांना पुस्तकाचे नाव सांगण्याआधी मुलाला पुढील चार प्रश्न विचारून पाहावेत.

१. ४०७ मध्ये दशक किती? ‘शून्य’ आणि ‘चाळीस’ ही दोन्ही उत्तरे मुलाला समजावून देता येतात का?
२. पाऊण डझन म्हणजे किती, हे ते न लिहिता सांगते का?
३. २७ + ३२ = २५ + ☐ येथे ते चौकटीत ५९ लिहिते की ३४? ५९ लिहिले तर बरोबरचे चिन्ह त्याला अजून ‘उत्तर लिहा’ असाच हुकूम वाटतो.
४. वरचे तिपटीचे कोडे उलटे चालून ते सोडवते का?

जेथे मूल अडेल तेथून आरंभ करावा, वय किंवा इयत्ता पाहू नये. चारही जमले तर दोन्हीकडे अज्ञात असलेले कोडे त्याच्यापुढे ठेवावे आणि काही दिवस त्याला झगडू द्यावे. अक्षराची गरज त्याला स्वतःला भासली, की मगच ‘या’ किंवा ‘क्ष’ त्याच्या हाती द्यावा.