डीबगरच्या 'स्मरणशक्ती'ची परीक्षा

संगणकाच्या प्रोग्राममधील चुका शोधण्यासाठी 'डीबगर' वापरला जातो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला 'जीडीबी' हा त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. आधी दिलेली आज्ञा पुन्हा समोर आणून तिच्यात फेरफार करण्याची सोय त्यात 'रीडलाइन' या सॉफ्टवेअरमुळे मिळते. ही सोय बिघडली, तर लांबलचक आज्ञा दर वेळी नव्याने टाइप करावी लागते.

तिची चाचणी मात्र सोपी नाही. त्यासाठी प्रत्यक्ष कळा दाबणारे कोणीतरी हवे. ही भूमिका 'एक्स्पेक्ट'वर आधारलेली 'डेजाग्नू' ही चाचणीप्रणाली बजावते. ती आभासी टर्मिनलमार्फत कळांचे संकेत पाठवते आणि अपेक्षित मजकूर उमटतो का, हे पाहते. उदाहरणार्थ, काही आज्ञा दिल्यावर 'कंट्रोल-पी'ने मागे जायचे. मग 'कंट्रोल-ओ' दाबताच समोरची आज्ञा पार पडून तिच्यानंतरची आज्ञा हजर झाली पाहिजे. ठरावीक वेळेत ती न आल्यास चाचणी अनुत्तीर्ण.

जीडीबीत बदल केल्यावर हीच चाचणी पुन्हा चालवता येते. त्यामुळे नव्या दुरुस्तीने जुनी सोय मोडली, तर ते वापरणाऱ्यांच्या आधी दुरुस्ती करणाऱ्याला कळते.