पेरमा व वड्डे
पेरमा व वड्डे : गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड परिसरातल्या माडिया समाजातील विधिकर्त्यांचे दोन प्रकार (पहा : गोंड, माडिया). बस्तरच्या माडियांमधील या पदांची नोंद डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्या १९३८ च्या ग्रंथात आहे. पेरमा गावाच्या भूमीचा पुजारी. पद बहुधा वंशपरंपरेने येते. नवे धान्य, मोहफुले खाण्याआधीची पूजा तोच करतो (पहा : पंडुम). वड्डे हा मांत्रिक व वैदू. कुणी आजारी पडल्यास तांदळाचे दाणे पाहून पेन (देव) रुसला की कुणी करणी केली हे तो सांगतो. त्यावर मंत्र, झाडपाला, कोंबड्याचा बळी. ही विभागणी काटेकोर मानू नये; काही ठिकाणी दोन्ही कामे एकाकडेच असतात. १९७३ मध्ये याच परिसरातील हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू होऊन वड्डेच्या उपचारांना दवाखान्याचा पर्याय आला. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे राज्यात २०१३ पासून गुन्हा आहे (पहा : जादूटोणाविरोधी कायदा).