देव आहे का? (रेडिओवरून)

‘नीट विचार कसा करावा आणि देवाधर्माबद्दल काय वाचावं’ असं कुणी विचारलं की हल्ली पहिलं नाव येतं ते डॉकिन्सच्या ‘द गॉड डिल्यूजन’चं (२००६). पुस्तक चांगलं आहे, पण त्यात समोरची बाजू मांडतोही डॉकिन्सच आणि खोडतोही डॉकिन्सच. कोर्टात दोन्ही वकील एकाच घरचे असल्यासारखं. म्हणून मी लोकांना सांगतो की आधी २८ जानेवारी १९४८ चा बीबीसीवरचा वाद ऐका. (तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे, गांधीजींच्या हत्येच्या दोन दिवस आधीची.) एका बाजूला बर्ट्रांड रसेल, वय वर्षे ७५. दुसऱ्या बाजूला फादर फ्रेडरिक कोपलस्टन, वय वर्षे ४०, जेझुइट पंथाचे धर्मगुरू आणि तत्त्वज्ञानाचा भलामोठा इतिहास लिहायला घेतलेला विद्वान. विषय एकच: देव आहे का?

पण त्याआधी रसेलसाहेबांचं थोडं पूर्वचरित्र सांगतो, कारण त्याशिवाय मजा कळत नाही.

६ मार्च १९२७ रोजी लंडनच्या बॅटरसी टाउन हॉलमध्ये रसेलने ‘मी ख्रिश्चन का नाही’ या विषयावर भाषण दिलं. योगायोग बघा, त्याच वर्षी आपल्याकडे र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झालं. दोघांनाही लोकांनी जवळजवळ सारख्याच शिव्या घातल्या, आणि दोघांनाही त्यापायी कोर्टाची पायरी चढावी लागली. रसेलचं प्रकरण घडलं १९४० मध्ये, न्यूयॉर्कला. तिथल्या सिटी कॉलेजने त्याला प्राध्यापक नेमलं. शिकवायचं काय, तर तर्कशास्त्र आणि गणिताचं तत्त्वज्ञान. बिशप मॅनिंग यांनी पेपरात पत्र लिहून गदारोळ सुरू केला. मग ब्रुकलिनमधल्या एका बाईंनी दावा लावला की हा माणूस तिथे शिकवू लागला तर माझ्या मुलीच्या नीतीला धोका आहे. आता गंमत अशी, की ज्या वर्गांवर रसेल शिकवणार होता तिथे तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता! तरी न्यायमूर्ती मॅकगीहान यांनी नेमणूक रद्द केली. आइन्स्टाइनने रसेलच्या बाजूने लिहिलं, त्याचा उपयोग झाला नाही. महापौर ला गार्डिया यांनी तर अंदाजपत्रकातून त्या जागेचा पैसाच काढून टाकला, म्हणजे अपील करण्यातही काही अर्थ उरला नाही.

ऐन महायुद्धात, परक्या देशात, साठी उलटलेला हा माणूस बेकार झाला. पुढे बार्न्स फाउंडेशनमध्ये व्याख्यानं द्यायचं काम मिळालं. तिथूनही त्याला काढलं, मग त्याने खटला भरला आणि तो जिंकला. त्या व्याख्यानांतूनच ‘अ हिस्टरी ऑफ वेस्टर्न फिलॉसॉफी’ (१९४५) हे जाडजूड पुस्तक तयार झालं. हेही माझ्या यादीत आहेच, फक्त कांटवरचं प्रकरण वाचताना लेखक कांटवर थोडा रागावलेला आहे हे लक्षात ठेवा.

तर असा हा बदनाम माणूस. १९४८ मध्ये बीबीसीने त्याला बोलावलं आणि एका पाद्र्यासमोर बसवलं.

वादाची सुरुवातच ऐकण्यासारखी आहे. दोघंही आधी ‘देव’ म्हणजे नक्की काय यावर एकमत करून घेतात. आपल्याकडे टीव्हीवरच्या चर्चेत हे कधी पाहिलंय? मग कोपलस्टन मुख्य मुद्दा मांडतात. जगातली प्रत्येक गोष्ट आपल्या अस्तित्वासाठी दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे, म्हणून शेवटी कशावरच अवलंबून नसलेलं काहीतरी असलंच पाहिजे. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच पटतं. ही लायब्ररी हवी तर ती हवी, ती हवी तर आणखी तिसरी हवी, पण कुठेतरी तळ लागायलाच हवा ना!

रसेल दोन बाजूंनी उत्तर देतो. एक म्हणजे ‘अनिवार्य’ हे विशेषण विधानांना लागतं, वस्तूंना नाही. (कंपायलरच्या भाषेत टाइप मिसमॅच :-) ) दुसरं मला जास्त आवडतं. प्रत्येक माणसाला आई असते, पण म्हणून अख्ख्या मानवजातीला एक आई असते असं होत नाही. म्हणजे भागांना कारण असतं यावरून सगळ्या विश्वाला कारण असतं हे सिद्ध होत नाही. यावर कोपलस्टनही गप्प बसत नाहीत. जो पटावर बसायलाच तयार नाही त्याला मात कशी देणार, असा सणसणीत टोला ते देतात. माझ्या मते या फेरीत रसेल पुढे आहे, पण टोला वाजवी आहे.

पुढे नीतीचा विषय निघतो आणि रसेल अडकतो. चांगलं-वाईट कसं ओळखता? रसेल म्हणतो, निळा आणि पिवळा रंग ओळखतो तसं, फक्त इथे डोळ्यांऐवजी भावना. मग बेल्सनच्या छळछावणीच्या प्रमुखाचं काय, असं कोपलस्टन विचारतात. त्याच्या भावनेला ते योग्यच वाटत असेल, तर तुम्ही त्याला चूक कसं म्हणता? युद्ध संपून तीन वर्षंही झालेली नव्हती. रसेलचं उत्तर ऐका आणि स्वतः ठरवा. मला ते पुरेसं वाटत नाही. मी देव मानत नाही, पण ही फेरी फादरांची.

आता खरी गोष्ट. या कार्यक्रमामुळे इंग्लंड पेटलं नाही. ते पेटलं सात वर्षांनी, मार्गारेट नाइट या बाईंमुळे. त्या अॅबर्डीन विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत. जानेवारी १९५५ मध्ये बीबीसीवर ‘धर्माविना नीती’ या विषयावर त्यांची दोन भाषणं झाली. त्यात विश्वाचं कारण वगैरे काही नव्हतं. ज्या आईबापांचा देवावर विश्वास नाही त्यांनी मुलांना काय शिकवावं, एवढाच प्रश्न. त्यांचं म्हणणं साधं होतं. ‘खोटं बोलू नकोस, देवाला आवडत नाही’ असं शिकवलंत आणि सोळाव्या वर्षी पोराचा देवावरचा विश्वास उडाला, तर खोटं न बोलण्याचं कारणही त्याबरोबर उडून जाईल. दोन गोष्टी एकाच खुंटीला बांधू नका. बायबलमधल्या कथा जरूर सांगा, पण ग्रीक पुराणकथा सांगतो तशा.

एवढ्यावर वर्तमानपत्रं तुटून पडली. एका रविवारच्या पेपराने तर बाईंचा फोटो छापून पहिल्या पानावर त्यांना ‘अपवित्र’ ठरवलं. रसेलने विश्वाला निर्माता नाही म्हटलं तर चाललं, आणि एका प्राध्यापिकेने मुलांना कसं वाढवावं ते सांगितलं तर गहजब!

मला यामागे दोन कारणं दिसतात. रसेलचा वाद झाला ‘थर्ड प्रोग्रॅम’वर. १९४६ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र संध्याकाळनंतर लागायचं आणि त्याचे श्रोते मूठभर, शिकलेले. नाइटबाई बोलल्या ‘होम सर्व्हिस’वर, जी घराघरात लागायची. दुसरं म्हणजे विश्वाचं काय व्हायचं ते होवो, पोरांचा विषय निघाला की माणूस हळवा होतो. आपल्याकडे ‘खोटं बोललास तर बाप्पा कान कापेल’ म्हणणाऱ्या आजीसमोर तिच्या सुनेने ही भाषणं वाचून दाखवली तर काय होईल, कल्पना करा. आजीचं ब्रह्मांडाबद्दल काहीच म्हणणं नसतं.

तर वादाची संहिता रसेलच्या ‘व्हाय आय अॅम नॉट अ ख्रिश्चन’ या १९५७ च्या संग्रहाच्या ब्रिटिश आवृत्तीत आहे. याच पुस्तकात पॉल एडवर्ड्स यांनी न्यूयॉर्कच्या खटल्याची सगळी हकीकत दिली आहे, ती चुकवू नका. नाइटबाईंची भाषणं ‘मॉरल्स विदाउट रिलिजन’ या नावाने १९५५ मध्येच पुस्तकरूपात आली. पुस्तक छोटं आहे आणि भाषा अगदी सोपी. घरात लहान मूल असेल तर रसेल-कोपलस्टन नंतर, हे आधी.